वाचलं, समजलं, पटलं नाही

पार्ल्यातल्या आमच्या कॉलेजात संज्ञापन हा विषय शिकवतात. माणसं एकमेकांशी कशी बोलतात, का बोलतात आणि एवढं बोलूनही एकमेकांना का कळत नाहीत, याचा अभ्यास. तिसऱ्या मजल्यावर विभागाची पितळी पाटी आहे आणि शिपाई ती रोज सकाळी पुसतो. त्या पाटीमागे ज्या बाईंनी अर्धं आयुष्य हा विषय शिकवला, त्यांना ‘उद्यापासून येऊ नका’ हे एक वाक्य तोंडानं सांगायला आमच्याकडे एकही माणूस निघाला नाही. एवढे प्राध्यापक, एवढ्या पदव्या, भिंतीवर एवढी मानपत्रं, आणि एक वाक्य बोलवेना. आठवलं की माझं डोकं आजही तापतं. बायको म्हणते, सोड ना रे आता ते. नाही सोडत.

आम्ही सगळे त्यांना मिस म्हणायचो. अंधेरीच्या गावठाणातल्या त्या, तिथल्या जुन्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घरातल्या. आज जिथं काचेच्या इमारती आहेत तिथं त्यांचे आजोबा भात लावायचे. अंगात सुती ड्रेस, मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ, पायांत कॅनव्हासचे बूट आणि हातात बारा महिने छत्री. कडक उन्हाळ्यातही छत्री कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. “रिक्षा थांबवायला,” त्या म्हणाल्या. “हात केला तर ते बघून न बघितल्यासारखं करतात. छत्री आडवी धरली की निदान ‘नाही येत’ असं तोंडानं सांगावं लागतं. मला नकार चालतो रे. न बघणं चालत नाही.”

मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो, मग त्याच विभागात लागलो. गिरणी बंद पडल्यावर वाट्टेल ती कामं केलेल्या कोकणी माणसाचा मी मुलगा, कांदिवलीच्या चाळीत वाढलेला, त्यामुळे भांडणात माझा हातखंडा. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात उठून म्हटलं, “मिस, पण मला वाटतं...”

“थांब. आधी माझं सांग, मग तुझं.”

म्हणजे त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगायचं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, हे मी बोललेच नाही. मी पुन्हा सांगितलं. अर्धं आलं, म्हणाल्या. वर्ग हसायला लागला, माझे कान लाल झाले, आणि तिसऱ्या खेपेला मी मुकाट्यानं, एकेक शब्द जुळवत सांगितलं. तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. “हो, हेच. आता भांड.” तोवर माझ्याकडे भांडायला फारसं काही उरलं नव्हतं. जे उरलं होतं ते मात्र खरं होतं, आणि त्यावर आम्ही तास संपून गेल्यावरही जिन्यात उभं राहून वाद घातला.

हा नियम त्या वर्गाबाहेरही चालवायच्या, हीच तर पंचाईत. स्टाफरूममध्ये चहा पिताना कुणी सहज म्हणालं की आजकालच्या पोरांना काही नको असतं, की मिस कप खाली ठेवणार आणि म्हणणार, “म्हणजे तुमचं म्हणणं असं, की तुम्ही देताय ते त्यांना नकोय. हेच का?” लोक चहा अर्धा टाकून उठायचे. घरी त्यांच्या भावाला गच्चीवर जाहिरातीचा बोर्ड लावू द्यायचा होता. मिस आधी आपलं म्हणणं त्याच्याकडून वदवून घेत राहिल्या आणि तो इतका कंटाळला, की बोर्डही गेला आणि भांडणही. “हिच्याशी बोलण्यापेक्षा कोर्टात गेलेलं बरं गो बाय,” असं तो माझ्यासमोर आपल्या बायकोला म्हणाला होता. मिसना ती स्तुती वाटली.

बँकेच्या फोनवर रेकॉर्ड केलेली बाई ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं म्हणायची, तेव्हा मिस तिला उत्तर द्यायच्या. “मग उचल ना,” असं दरवेळी, अगदी शांतपणे. आम्ही हसायचो. त्या हसत नसत.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे तीन शब्द. वाचलं, समजलं, पटलं. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जगातली निम्मी भांडणं त्या एक धरल्यामुळे होतात, असं त्यांचं ठाम मत. फोनवरचा अंगठा त्यांनी कधी कुणाला पाठवला नाही. “अंगठ्यानं काय कळतं? वाचलं म्हणायचंय, समजलं म्हणायचंय की बरं बाबा, पुरे कर म्हणायचंय?” त्यांना मेसेज केला की उत्तर यायचं, ‘वाचलं. समजलं. पटलं.’ बहुतेक वेळा शेवटच्या शब्दापुढे ‘नाही’ असायचं.

आता आमच्या कॉलेजचा ग्रुप. व्हॉट्सअ‍ॅपवरचा. त्यात फक्त प्राचार्य आणि उपप्राचार्य लिहू शकतात, बाकीच्यांनी वाचायचं. खाली उत्तर द्यायला जागाच नाही, फार तर अंगठा लावा. संज्ञापन विभाग असलेल्या कॉलेजात ही सोय कुणाला खटकली नाही, एकट्या मिसना सोडून. त्यांनी त्यावर साधा उपाय काढला. ग्रुपवर सूचना आली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन उत्तर द्यायच्या. ‘शनिवारी सर्वांनी थांबावे’ असा मेसेज आला की मिस दारात उभ्या. “सर, वाचलं. समजलं. पटलं नाही. शनिवारी का थांबायचं ते त्यात नाहीये.” दर वेळी. प्राचार्य तसे मऊ बोलणारे, कुणाला न दुखवणारे म्हणून प्रसिद्ध. दुखवायची वेळ आली की ते फोनकडे बघतात.

मासळीची गोष्ट सांगितली नाही तर मला चैन पडणार नाही. मिसच्या डब्यात सुरमई असायची, घरच्या बाटलीतल्या मसाल्यात भिजवलेली. मी कोकणातला, मला तो वास आला की भूक लागायची. एके दिवशी स्टाफरूमच्या भिंतीवर कागद लागला. ‘सर्व सहकाऱ्यांना नम्र विनंती, उग्र वासाचे पदार्थ येथे आणू नयेत.’ खाली सही नाही. अख्ख्या खोलीत मासे आणणारी एक बाई, आणि विनंती सर्व सहकाऱ्यांना! तोंडावर सांगा ना, की मिस, आम्हाला वास सहन होत नाही. त्या दुसऱ्या खोलीत जेवल्या असत्या, नाहीतर भांडल्या असत्या. दोन्ही चाललं असतं. मिसनी खोलीत विचारलं, कुणी लावलंय हे. सगळे पेपर तपासण्यात गढून गेले. “एकीला सांगायचं ते सगळ्यांना सांगितलं की कुणालाच सांगितलं नाही असं होतं, नाही का?” एवढं बोलून त्यांनी पेन काढलं आणि कागदाखाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘वाचलं. समजलं. पटलं नाही. सुरमईवाली.’ आणि तिथंच बसून जेवल्या.

वर्गात त्या काय शिकवायच्या ते सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की नुसतीच एक तिरसट बाई होती. अभ्यासक्रमात डझनभर सिद्धांत. एक म्हणतो, निरोप इकडून तिकडे जातो आणि वाटेत गोंगाट त्याची मोडतोड करतो. दुसरा म्हणतो, शब्दांत अर्थ नसतोच, तो ऐकणाऱ्याच्या पोटात तयार होतो. तिसऱ्याचं म्हणणं, माणूस गप्प बसूनही बोलतच असतो, न बोलण्याची सोय देवानं दिलेली नाही. चौथा सांगतो की प्रत्येक वाक्याच्या खाली दुसरं एक वाक्य असतं, तू माझा कोण लागतोस हे सांगणारं. आणि पाचवा चिडून विचारतो, की बोलायला कुणाला देतात आणि नुसतं ऐकायला कुणाला बसवतात? पोरं हे सगळं वेगवेगळं पाठ करायची आणि परीक्षा झाली की विसरायची.

मिस फळ्यावर सगळे मांडायच्या आणि म्हणायच्या, “नावं पाठ करा, मार्क मिळतील. पण ऐका. ही सगळी वेगवेगळ्या देशांतली माणसं, एकमेकांना नावं ठेवणारी. तरी आमच्या गावठाणातल्या बायकांसारखी भांडतायत एकाच विहिरीवर. त्यांची भांडी वेगळी, पाणी तेच. सगळे एकच विचारतायत. समोर माणूस आहे हे तुला मान्य आहे का? असेल, तर तो काय समजला ते विचार. नसेल, तर तू बोलत नाहीयेस, नोटीस लावतोयस.”

मग त्या दोन पोरांना पाठीला पाठ लावून बसवायच्या. एकाच्या हातात एक चित्र. त्यानं ते तोंडानं सांगायचं आणि दुसऱ्यानं न बघता काढायचं. पहिल्या खेपेला दुसऱ्यानं एकही प्रश्न विचारायचा नाही. घराचं छप्पर खिडकीत, माड विहिरीत, सगळी वाट लागलेली. दुसऱ्या खेपेला प्रश्न विचारायला परवानगी. वेळ दुप्पट लागायचा, आवाज चढायचे, “अरे डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे, माझ्या की घराच्या?” असं चालायचं, आणि चित्र बऱ्यापैकी मूळ चित्रासारखं यायचं. मिस दोन्ही कागद फळ्याला चिकटवायच्या. वर्षभर ते तिथंच असायचे. मी आज शिकवतो तेव्हा तेच करतो आणि माझ्याही फळ्याला दोन कागद असतात.

आता मनीषा. आरे कॉलनीतल्या पाड्यावरची वारली मुलगी, घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. जंगलातल्या रस्त्यानं येणाऱ्या बसनं यायची, शेवटच्या बाकाच्या अलीकडे बसायची आणि वर्गात फारशी बोलायची नाही. मिसनी सगळ्यांना प्रकल्प दिला होता की तुमच्या वस्तीत बातमी कशी पसरते ते लिहा आणि शिकलेल्या सिद्धांतांशी जोडून दाखवा. पोरांनी ग्रुप, रील, मीम असलं काहीबाही लिहिलं. मनीषानं लिहिलं बिबट्याबद्दल. संध्याकाळी बिबट्या पाड्याजवळ आला की कुणी त्याचं नाव घेत नाही, ओरडत नाही, तरी थोड्या वेळात सगळ्या पाड्याला कळलेलं असतं. ते कसं, ते.

मिस तो प्रकल्प हातात घेऊन स्टाफरूमभर फिरल्या. “वाच, वाच! सगळे सिद्धांत पाड्यावर राहायला आलेत!”

आणि त्याच प्रकल्पावर लाल खूण आली. कॉलेजनं नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं, पोरांनी यंत्राकडून लिहून घेतलंय का ते ओळखणारं. त्यानं सांगितलं की हे यंत्रानं लिहिलंय. लगेच चौकशी समिती. दोष सिद्ध झाला तर विषयात नापास, म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं असतं तर मनीषाच्या घरच्यांनी तिला पुन्हा पाठवलं असतं याची मला अजिबात खात्री नव्हती. समितीत उपप्राचार्य आणि परीक्षा विभागाच्या प्रमुख बाई. इतिवृत्त लिहायला मी. विषयाच्या शिक्षकाला बसता येतं असा नियम होता, तो मी शोधून काढला आणि मिसना बोलावलं.

त्या खोलीत आम्ही पाच माणसं. पाचही घरी मराठी बोलणारी. आणि चौकशी इंग्रजीत! का, तर इतिवृत्त इंग्रजीत असतं. ज्या मुलीचं वर्ष पणाला लागलंय तिला कळतंय का, यापेक्षा फायलीला कळतंय का हे महत्त्वाचं. उपप्राचार्य झाडत सुटले, इथं मी ते मराठीत देतो. हे लिखाण तुमचं नाही. तुमच्या वर्गातल्या उत्तरांची भाषा अशी नाही. कॉलेज असली फसवणूक खपवून घेणार नाही. मनीषा टेबलाकडे बघत गप्प बसलेली. मग ते माझ्याकडे वळले. “लिहा. विद्यार्थिनीला काही सांगायचं नाही.”

“लिहू नकोस,” मिस म्हणाल्या. आणि मराठीत, “सर, तुम्ही तिला काय विचारलंत ते सांगा.”

“विचारलं ना! हे मशीननं लिहिलंय म्हणून.”

“हे तर सांगितलंत. विचारलं काय?”

उपप्राचार्यांनी परीक्षावाल्या बाईंकडे पाहिलं, बाईंनी पंख्याकडे. मिसनी खुर्ची ओढून मनीषाच्या शेजारी घेतली. “मनीषा, घाबरू नकोस गो. यातलं तुझं कुठलं आणि फोननं केलेलं कुठलं?”

ती एकदम बोलायला लागली. “मिस, मी वहीत मराठीत लिहिलं. आपल्याला इंग्लिश तेवढं येत नाही. मग फोनमध्ये टाकून इंग्लिश केलं. सर इंग्लिशमध्ये विचारतात हे तुझं आहे का, तर हो म्हणू का नाही म्हणू? शब्द फोनचे आहेत. पण आई तर माझी आहे ना.”

“आईचं काय लिहिलंयस, सांग सरांना.”

“रोज आई मला मने म्हणून हाक मारते. तो आला असेल त्या संध्याकाळी ती दारातून नीट मनीषा म्हणते. हळू. बास. मग मी मागं बघत नाही, पळत पण नाही, चालत घरात जाते. शेजारची काकू ते ऐकते, ती तिच्या पोराला पूर्ण नावानं बोलावते. असं पुढं पुढं जातं.”

एका हाकेत सगळा अभ्यासक्रम बसवला होता पोरीनं, आणि आम्ही तिला चोर ठरवायला निघालो होतो.

मिस तिथं थांबल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं. पण थांबतील तर त्या मिस कसल्या. “सर, आता ती काय म्हणाली ते तुमच्या शब्दांत सांगा.”

“मी काय शाळेतला पोरगा आहे का, मिस?”

“तुम्ही निकाल देणार आहात. कशावर देताय ते तिला कळू दे.”

उपप्राचार्यांचा चेहरा तांबडा झाला. “ती म्हणते, तिनं फोन वापरला.”

मनीषानं मान हलवली. “अर्धं झालं, सर.” मिसच्या वर्गात तयार झालेली ती, नियम तिला पाठ होता. परीक्षावाल्या बाईंना हसू आवरेना, त्यांनी रुमाल तोंडाला लावला. उपप्राचार्यांनी दात खाऊन पुन्हा सांगितलं, की लिखाण हिचं, माहिती हिच्या घरची, भाषांतर तेवढं फोनचं. “हो, हेच,” मनीषा म्हणाली. ठरलं असं, की तिनं मूळ मराठी मजकूर जोडावा आणि तोंडी परीक्षा द्यावी. तिनं ती मराठीत दिली. पास झाली, पुढच्या वर्षात गेली.

उपप्राचार्य मात्र ते विसरले नाहीत. लोक बोललेलं विसरतात हो. एका पाड्यावरच्या मुलीचं नीट ऐकावं लागलं, हे त्यांना विसरता आलं नाही. ऐकण्यात एवढा कसला अपमान? मी अजून हाच विचार करतो आणि दर वेळी नव्यानं चिडतो.

मिस तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे तासांवर नेमणूक, दर वर्षी उन्हाळ्यात संपणारी आणि जूनमध्ये पुन्हा मिळणारी. मी त्यांचा विद्यार्थी, मी कायम झालो आणि त्या राहिल्या, कारण त्यांची जागा भरायचं मनावर कुणी घेतलंच नाही. मे महिन्यात एके दुपारी कॉलेजच्या ग्रुपवर एक बारीक करडी ओळ आली. मिसना ग्रुपमधून काढलं होतं. मी लगेच फोन केला.

“वाचलं,” मिस म्हणाल्या. “अजून समजलं नाही. जूनमध्ये समजून घेईन.”

मी उपप्राचार्यांना गाठलं. मिसना कुणी सांगितलंय का, असं विचारलं. “कळेल ना,” ते म्हणाले. प्राचार्यांना विचारलं. त्यांनी फोनकडे बघत सांगितलं, “अरे, तासिकावाल्यांना वेगळं काय सांगायचं असतं? बोलावलं नाही की समजतात. उगाच बोलून वाईटपणा कशाला?” वाईटपणा! वाईट करायचं, आणि वाईटपणा नको. मी आवाज चढवला, तर शिपायानं दार लोटून घेतलं. एवढाच काय तो फरक पडला.

जूनमध्ये वेळापत्रक लागलं. मिसचं नाव नव्हतं. मी नोटिसांच्या फळ्यासमोर उभा होतो तेवढ्यात मागून छत्रीचं टोक फरशीवर वाजलं. त्यांनी चष्मा वर करून सगळं वेळापत्रक वरून खालपर्यंत वाचलं. “चल,” मला म्हणाल्या. “सोबत कुणीतरी ऐकणारा हवा.”

प्राचार्यांनी आम्हाला पाहून हसू आणलं. “या या मिस! कशा आहात?”

“सर, तुमचा निरोप मिळाला.”

“निरोप? मी कुठं काय म्हटलं?”

“ग्रुपमधून काढलंत, हा एक. फळ्यावर नाव नाही, हा दुसरा. मे महिन्यापासून एक फोन नाही, हा तिसरा आणि सगळ्यात मोठ्या आवाजातला. वाचले सगळे. आता समजलं का ते बघूया. मी माझ्या शब्दांत सांगते, बरोबर असेल तर हेच म्हणा.” त्या खुर्चीत नीट बसल्या, छत्री मांडीवर आडवी घेतली. “तुम्ही म्हणताय, मिस, तुम्ही आमच्या माणसाला एका मुलीचं ऐकायला लावलंत. तुमच्या शिकवण्याबद्दल तक्रार नाही, पण तुम्ही नको. आणि हे तोंडानं म्हणायला लागू नये म्हणून आम्ही गप्प बसलोय, तर तुम्हीही गप्प जा. हेच का?”

“छे छे मिस, असं कसं! तसं काही नाहीये. नवीन धोरण आहे, तास कमी झालेत...”

“म्हणजे विषय बंद झाला?”

“नाही, विषय आहे.”

“मुलं नाहीत?”

“मुलं आहेत. पण आता एक संस्था रेकॉर्ड केलेली लेक्चर्स देते. पडद्यावर. चांगली असतात, मी पाहिलीयेत.”

“म्हणजे माणसं एकमेकांशी कशी बोलतात, हे आता ज्याला प्रश्न विचारता येत नाही तो शिकवणार. आणि माझी गरज नाही. हेच का?”

प्राचार्यांनी फोन उचलला. मिसनी छत्रीचं टोक हळूच टेबलावर टेकवलं, रिक्षा थांबवतात तसं. खाली पोरांचा गलका चालू होता, भिंतीवरची मानपत्रं पंख्यानं हलत होती. मिस वाट बघत होत्या, आणि त्यांची वाट बघण्याची ताकद अख्ख्या पार्ल्याला माहीत होती. प्राचार्यांनी फोन खाली ठेवला. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम करतोय, त्यांना माणसाच्या डोळ्यांत बघताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“हो, मिस,” ते म्हणाले. “हेच.”

“थँक्यू,” मिस म्हणाल्या. खरंच मनापासून म्हणाल्या, त्याचा मला जास्त राग आला. उठल्या, ड्रेस झटकला, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “वाचलं. समजलं. पटलं नाही.”

मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. मला रडू येत होतं आणि तोंडात शिव्या येत होत्या. मी म्हटलं, मिस, मी या लोकांना सोडणार नाही. त्या म्हणाल्या, “म्हणजे काय करणार, नीट सांग.” मला सांगता आलं नाही. त्यांनी छत्री आडवी धरली, पहिलीच रिक्षा थांबली, आणि त्या गेल्या.

त्या रात्री ग्रुपवर मेसेज आला. ‘मिस यांनी वैयक्तिक कारणास्तव महाविद्यालयातून निवृत्ती घेतली आहे. त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ वैयक्तिक कारणास्तव! ज्यांच्या डोळ्यांत बघून दुपारी ‘हेच’ म्हटलं, त्यांच्याबद्दल रात्री हे. मेसेजखाली अंगठे उगवायला लागले. इतिहास, गणित, वाणिज्य, ग्रंथालय. मासळीचा कागद लावणाऱ्याचाही त्यात असणारच. बोट पुढे करून मीही तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचत होतो. उत्तर लिहायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला तास सुरू व्हायच्या आधी मी केबिनचं दार ढकललं. प्राचार्य सह्या करत होते.

“सर,” मी म्हटलं, “तुमचा कालचा मेसेज वाचला. समजला.”

त्यांचं पेन थांबलं. पुढचे दोन शब्द त्यांना माहीत होते. मी तरीही ते मोठ्यानं म्हटले.